रुपयात वितळलेला डॉलर

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर, महाराष्ट्राची सीमा ओलांडली की सौंसर लागते. त्याच्या जवळच जामसांवली आहे. पिंपळाखाली पहुडलेल्या हनुमंताच्या मूर्तीमुळे हे नाव विदर्भात सर्वतोमुखी झाले आहे. सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून मध्य प्रदेश शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा नवा जिल्हा केला. राज्य हिंदीचे, पण घरातली बोली मराठी; शेतात कापूस आणि संत्री; आणि जुन्या पेटीच्या तळाशी, फडक्यात बांधलेले राणीछाप रुपये. गोव्यातील वाचकाला हा मुलूख दूरचा वाटेल, परंतु चांदीच्या नाण्याचा प्रवास समजून घ्यायचा तर असेच एखादे आडबाजूचे कापूसगाव नजरेसमोर ठेवलेले बरे. कारण या पेट्यांतील काही रुपये, विशेषतः १९१८, १९१९ आणि १९२० या सालांचे, ज्या चांदीचे आहेत ती बहुधा एकदा अमेरिकन डॉलर म्हणून पाडली गेली होती.

चांदीचा भाव किलोला लाखापलीकडे गेल्यापासून सराफांकडे जुने रुपये मोडीत घालण्याचे प्रमाण सगळीकडेच वाढले आहे. सराफ नाणे काट्यावर टाकतो, घट वजा करतो आणि हिशेब हातात देतो. बहुतेक वेळा तो हिशेब अगदी चुकीचाही नसतो. मात्र मुशीत गेलेले नाणे परत येत नाही, आणि दहातले एखादे नाणे असे असते की त्याची किंमत चांदीच्या हिशेबात मावत नाही. ते एक कोणते, हे ओळखण्यासाठी नाणी कशी जन्मली यापेक्षा ती कशी मेली याची माहिती अधिक उपयोगी पडते.

आधी रुपयाची घडण पाहू. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ सालच्या कायद्याने आपल्या सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, आजच्या मापात ११.६६ ग्रॅम; आणि बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. त्यापूर्वी प्रत्येक संस्थानाचा, प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा असे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात नागपुरी रुपया चाले, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी द्यायचा तर सराफाला बट्टा मोजावा लागे. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले, पुढल्या वर्षी नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात हळूहळू कलदार रुपयाचे राज्य आले. कलदार म्हणजे कळीचा, यंत्राने पाडलेला, किनारीला एकसारख्या खाचा असलेला. त्या खाचांमुळे कडेची चांदी कातरून घेण्याची जुनी चलाखी बंद पडली.

अकरा-बारांश कसामुळे एका रुपयात १०.६९ ग्रॅम शुद्ध चांदी असते. चांदी किलोला एक लाख रुपये धरली तर ही धातूची किंमत १,०६९ रुपये होते; अधेलीची त्याच्या निम्मी, पावलीची चौथाई. प्रत्यक्ष भाव त्या दिवशी जो असेल तो घालून हिशेब करावा. नाणे झिजले असेल तर काट्यावरील वजनाला ०.९१७ने गुणावे. वाचकांनी हा एकच गुणाकार लक्षात ठेवला तरी पुष्कळ फसवणूक टळेल. एक सावधगिरी मात्र हवी. १९४० सालापासून सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. सहाव्या जॉर्जच्या १९४० ते १९४५ या सालांच्या रुपयांत जेमतेम ५.८३ ग्रॅम चांदी आहे, उरलेले तांबे, निकेल आणि जस्त. १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा असून लोहचुंबकाला चिकटतो. घरातील थैलीत हे सगळे एकत्र असतात, आणि सगळे 'चांदीचे' म्हणूनच सांभाळलेले असतात.

आता अमेरिकेकडे वळू. सौंसरच्या पेटीचा आणि अमेरिकेचा पहिला संबंध चांदीमुळे नव्हे, कापसामुळे आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. त्यांनी हिंदुस्थानाकडे मोर्चा वळवला. मुंबईच्या बंदरात कापसाच्या मोबदल्यात चांदी येऊन पडू लागली, तिचे रुपये झाले, आणि ते वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीपर्यंत पोचले. त्या वेळच्या कुणब्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या कहाण्या पसरल्या होत्या. कहाणीत अतिशयोक्ती असेल, पण चांदी आली होती हे खरे.

त्या चांदीचा ठसा म्हणजे १८६२ सालचा रुपया. मुकुटधारी व्हिक्टोरिया राणीचा हा रुपया पेट्यांमध्ये सर्वांत जास्त सापडतो, आणि त्यामागे एक गंमत आहे: त्यावरील साल खरे नसते. १८६२ ते १८७४ पर्यंत पाडलेल्या रुपयांवर १८६२ हेच साल गोठवून ठेवले होते. मुंबईच्या टांकसाळीने खरे वर्ष कळावे म्हणून मागल्या बाजूस बारीक ठिपके घातले. ठिपक्यांची संख्या आणि जागा पाहून जाणकार साल ठरवतात. अशीच गोष्ट त्यापूर्वीच्या रुपयांची. चौथ्या विल्यम राजाच्या रुपयावर १८३५ असते, पण राजा १८३७ मध्ये वारल्यानंतरही १८४० पर्यंत तो पडतच होता. राणीच्या पहिल्या, मुकुटाविना मुखाच्या रुपयावरील १८४० हे सालही १८६२ पर्यंत टिकले. म्हणून 'आमच्याकडे १८४० चा रुपया आहे, किती जुना!' यात नवल काही नाही. नवल असते ते तपशिलात: राणीचे नाव मुखाभोवती सलग फिरले आहे की दोन बाजूंना तुटले आहे, हाराच्या पानांत फळे किती, मानेच्या कापावर साचा करणाराची अक्षरे आहेत का, असली तर उठावाची की खोलगट. विल्यमच्या मानेखाली 'एफ' दिसला तर तो कलकत्ता टांकसाळीचे विल्यम नेर्न फोर्ब्स यांचा. भिंग घेऊन बसणाऱ्याला या रुपयांत महिनाभराची करमणूक आहे.

यादवी युद्धानंतर अमेरिकेत चांदीची वेगळीच कथा घडत होती. नेवाडात कॉमस्टॉकच्या खाणींतून चांदी एवढी निघाली की तिचे काय करावे हा राजकीय प्रश्न झाला. खाणमालकांच्या आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या दबावाखाली १८७८ साली ब्लँड-अ‍ॅलिसन कायदा झाला. त्यानुसार सरकारने दरमहा वीस ते चाळीस लाख डॉलरांची चांदी विकत घेऊन तिचे डॉलर पाडायचे होते. जॉर्ज मॉर्गन या इंग्रज कारागिराने त्याचा ठसा केला; मुखासाठी फिलाडेल्फियातील अ‍ॅना विल्यम्स ही शिक्षिका बसली होती. एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचे मुख, दुसरीकडे पंख पसरलेला गरुड, वजन २६.७३ ग्रॅम, हजारात नऊशे भाग चांदी. आजच्या जगातील नाणेसंग्राहकांचा हा सर्वांत लाडका तुकडा, पण त्याच्या काळी लोकांना तो जड आणि गैरसोयीचा वाटे. लोक नोटा वापरत, आणि कोट्यवधी डॉलर थैल्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहत. चलन म्हणून न चाललेले नाणे झिजत नाही, आणि एकशे चाळीस वर्षांचा मॉर्गन डॉलर आजही नव्यासारखा कसा मिळतो याचे उत्तर यातच आहे. आपला रुपया मात्र बाजारात, लग्नात, सावकाराकडे फिरला, माळेत ओवला गेला. त्यामुळे न झिजलेला राणीछाप रुपया तुलनेने दुर्मीळ.

दोन्ही देशांच्या चांदीचे नशीब १८९३ साली एकाच दोरीने बांधले गेले. चांदी जगभर स्वस्त होत चालली होती आणि तिच्याबरोबर रुपयाचा भावही घसरत होता. २६ जून १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद केल्या. तोपर्यंत कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या दिवसानंतर रुपये पाडायचे की नाही हे फक्त सरकार ठरवू लागले. जगातील एक मोठे गिऱ्हाईक असे अचानक उठून गेल्यावर चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला, आणि आधीच मंदीत सापडलेल्या अमेरिकेत हाहाकार उडाला. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी काँग्रेसचे खास अधिवेशन बोलावून १ नोव्हेंबरला सरकारी चांदीखरेदीचा शेरमन कायदा रद्द करवून घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत त्या वर्षी केवळ एक लाख मॉर्गन डॉलर पाडले गेले. गरुडाच्या खाली 'एस' अक्षर असलेला हा १८९३ चा डॉलर आज त्या मालिकेतील सर्वांत हवाहवासा आणि सर्वांत जास्त नकला होणारा आहे. आपल्याकडेही त्यानंतर काही वर्षे रुपये पाडण्याचे काम मंदावले.

पहिल्या महायुद्धात वारे उलटे फिरले. हिंदुस्थानातून धान्य, ताग, कातडी, सैन्य असे सगळे जात होते आणि त्याचे पैसे येथे रुपयांत चुकवावे लागत होते. लोकांना नोटेवर विश्वास नव्हता. हातात खणखणीत रुपया हवा होता. इकडे चांदी महागत गेली. औंसाला ४३ पेन्स हा भाव ओलांडला की सोळा पेन्सच्या रुपयात सोळा पेन्सहून अधिक किमतीची चांदी होते, म्हणजे नाणे वितळवणाऱ्याचा फायदा. १९१७ च्या ऑगस्टपर्यंत भाव तेथवर पोचला होता. सरकारने नाणी वितळवण्यावर बंदी घातली, नोव्हेंबरात एक रुपयाची नोट काढली, पाठोपाठ अडीच रुपयांची. १९१८ च्या वसंतात नोटा मोडून रुपये मागणाऱ्यांची इतकी गर्दी झाली की सरकारच्या तिजोरीतील चांदी संपण्याच्या बेताला आली. नोटेचे वचन मोडले असते तर युद्धाच्या ऐन भरात साम्राज्याची पत गेली असती.

तेव्हा अमेरिकेच्या तिजोऱ्यांतील त्या पडून राहिलेल्या थैल्या कामास आल्या. नेवाडाचे सिनेटर की पिटमन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २३ एप्रिल १९१८ रोजी झाला. पस्तीस कोटीपर्यंत डॉलर वितळवून ती चांदी औंसाला एक डॉलर या भावाने विकायची मुभा सरकारला मिळाली. प्रत्यक्षात २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर मुशीत गेले, त्यांपैकी २५ कोटी ९१ लाखांहून अधिक डॉलरांची चांदी ब्रिटनला हिंदुस्थानासाठी विकली गेली. एका डॉलरातील शुद्ध चांदी सव्वादोन रुपयांएवढी भरते. म्हणजे या डॉलरांतून सुमारे ५८ कोटी रुपये पाडता येतील इतकी चांदी लगडींच्या रूपाने समुद्रापार आली. मुंबई आणि कलकत्ता येथील टांकसाळी रात्रंदिवस चालल्या. १९१८ आणि १९१९ या प्रत्येक सालात दोन्ही मिळून चाळीस कोटींहून अधिक रुपये पडले. पाचव्या जॉर्जच्या या रुपयांना म्हणूनच आजही चांदीपेक्षा फारसा वरचा भाव मिळत नाही. ते उदंड आहेत. पण त्या धातूची वंशावळ नेवाडाच्या डोंगरापर्यंत जाते, आणि नाणे हातात घेताना हे ठाऊक असले तर त्याचे वजन थोडे वाढल्यासारखे वाटते.

संग्राहकाच्या दृष्टीने खरी गोष्ट यापुढची. वितळवताना कोणत्या सालाचे, कोणत्या टांकसाळीचे किती डॉलर गेले याची नोंदच कोणी ठेवली नाही. परिणामी अमेरिकेत 'किती पाडले' याचे आकडे पुस्तकात आहेत, पण 'किती उरले' हे कोणालाच नेमके माहीत नाही. १८९५ साली फिलाडेल्फियात बारा हजार साधे डॉलर पाडल्याची नोंद सापडते. त्यातले एकही आज ज्ञात नाही. उरले आहेत ते त्या वर्षी शोभेसाठी खास चमकवून काढलेल्या ८८० नाण्यांपैकी काही. याच्या उलट १९०३ सालचा न्यू ऑर्लिन्सचा डॉलर. चव्वेचाळीस लाखांवर पाडलेला, तरी बाजारात दिसेना. सगळे वितळले असा समज झाला आणि त्याची किंमत आकाशाला भिडली. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतून जुन्या थैल्या बाहेर निघाल्या आणि त्यांत हेच डॉलर भरलेले. रातोरात भाव जमिनीवर आला. ज्यांनी आधल्या महिन्यात घेतले त्यांचे काय झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आपल्याकडचा असाच धडा १९११ चा रुपया देतो. पाचव्या जॉर्जच्या झग्यावरील पदकात हत्ती कोरला होता, पण सोंड आखूड पडल्यामुळे तो डुकरासारखा दिसे. त्यावरून ओरड झाली, रुपया मागे घेऊन बहुतेक साठा वितळवला गेला आणि १९१२ पासून हत्ती सुधारून नवा साचा आला. चौऱ्याण्णव लाखांपैकी सुमारे सात लाखच रुपये लोकांच्या हाती गेले होते. तरीही सात लाख हा लहान आकडा नव्हे. त्यामुळे १९११ चा रुपया साध्या रुपयापेक्षा चढ्या भावाने जातो, पण आंतरजालावर सांगितल्या जाणाऱ्या लाखांच्या गोष्टी निव्वळ हवेतल्या आहेत. खरा दुर्मीळ आहे तो १९३९ चा, जुन्या कसाचा शेवटचा रुपया, आणि दुर्मीळ असल्यामुळेच बाजारात फिरणारे त्याचे बहुतेक नमुने बनावट असतात.

रुपयांवर शेवटची मोठी मूस दुसऱ्या महायुद्धात फिरली. व्हिक्टोरियाचे रुपये मार्च १९४१ अखेर, एडवर्डचे मे १९४२ अखेर आणि जुन्या कसाचे जॉर्जचे मे १९४३ अखेर चलनातून रद्द झाले. ज्यांनी बदलून घेतले त्यांचे रुपये सरकारकडे वितळले. सौंसरसारख्या ठिकाणी ज्यांनी सरकारी फर्मानापेक्षा पेटीवर अधिक विश्वास ठेवला त्यांचे उरले. युद्धकाळात हिंदुस्थानाने अमेरिकेकडून पुन्हा २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी घेतली. ती १९५७ मध्ये भारत आणि पाकिस्तानने परत केली. आपल्या वाट्याची चांदी निम्म्या कसाचे रुपये कलकत्त्याच्या अलीपूर येथील कारखान्यात शुद्ध करून काढली होती. चांदीचे हे येणे-जाणे असे पुरे झाले. घरोघर जे आहे ते या सगळ्या मुशींतून निसटलेले आहे.

आता प्रत्यक्ष परीक्षा. सर्वांत आधी वजन, शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर. रुपया ११.६६ ग्रॅमच्या आसपास, झिजलेला असल्यास ११.३ ते ११.५ पर्यंत, ११ च्या खाली गेला किंवा १२ च्या वर, तर शंका घ्यावी. मग पाण्याची कसोटी: काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा, नाणे दोऱ्याला बांधून तळाला वा कडेला न टेकवता पूर्ण बुडवावे. पुऱ्या वजनाच्या खऱ्या रुपयाला काटा १.१३ ग्रॅमच्या जवळ दाखवील, मॉर्गन डॉलरला २.५९. जस्त, पितळ किंवा जर्मन सिल्व्हर असेल तर आकडा बराच जास्त येतो. सराफाच्या दगडावर कस लावण्याची यात गरज नाही, आणि लावूही नये, कारण दगडाचा एक ओरखडा नाण्याची निम्मी किंमत घेऊन जाऊ शकतो. त्यानंतर किनार पाहावी: ओतीव नकलेच्या किनारीला मधोमध जोडाची रेघ, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे आणि अक्षरांच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. अमेरिकन डॉलर आणि विशेषतः १८७३ नंतरचे 'ट्रेड डॉलर' यांच्या चिनी नकला जगभर पसरलेल्या आहेत. परदेशातून आलेल्या नातेवाईकाने भेट दिलेला डॉलरही एकदा काट्यावर घालून पाहावा. त्यात नातेवाईकाचा अपमान नाही.

दर्जा हा विषय अमेरिकेत शास्त्राच्या थाटात चालतो. १ ते ७० अशी मोजपट्टी आहे, ती विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये तांब्याच्या जुन्या सेंटसाठी काढली होती. १९८० च्या दशकापासून नाणी प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून आकडा देणाऱ्या कंपन्या आल्या आणि एका आकड्याच्या फरकाने किंमत दसपटीने बदलू लागली. मला हा प्रकार थोडा अघोरी वाटतो. तरी त्यामागची नजर उपयोगाची आहे. मॉर्गनचा कानावरचा केस आणि गरुडाची छाती आधी झिजते. व्हिक्टोरियाचा मुकुट, वेणी आणि खांद्यावरील वस्त्राची नक्षी. हे तपशील स्पष्ट असतील, तर नाणे मोडीत घालण्याआधी जाणकाराला दाखवावे. कडी जोडलेले, भोक पाडलेले किंवा माळेतून काढलेले नाणे संग्राहक सहसा घेत नाही. पण तशी माळ अखंड असेल तर ती दागिना म्हणून, त्या प्रदेशातील स्त्रियांच्या अंगावरच्या अर्थकारणाचा पुरावा म्हणून मोलाची आहे. तिचे रुपये सुटे करणे म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आणि घासू नये. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाआधी चिंच, राख, रिठे किंवा बाजारातील पूड लावून रुपये लखलखीत करण्याची आपल्या घरांत रीत आहे. नाण्यावर शंभर वर्षांत चढलेली करडी-निळसर झाक हा त्याचा जन्मदाखला असतो. ती गेली की जाणकार एका नजरेत ओळखतो आणि बोली खाली आणतो. पूजेला दोन साधे रुपये वेगळे काढून ठेवावेत, बाकीचे कोरड्या कागदी पाकिटात.

हनुमंताच्या कोणत्याही मोठ्या देवस्थानाच्या परिसरात भेटू शकणाऱ्या आणखी एका नाण्याविषयी सांगणे भाग आहे. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल, दुसऱ्या बाजूला हनुमान किंवा रामपंचायतन. कंपनीने असे नाणे कधीही चलनात आणले नाही. हे देवस्थानी टोकन, पुष्कळदा अलीकडचेच, पितळेचे वा मुलामा दिलेले. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवावे, त्याला कोणाची हरकत नाही. परंतु 'तांदूळ ओढणारे', 'करोडो रुपयांचे' म्हणून जो ते विकतो किंवा विकत घेऊ पाहतो तो ठग समजावा. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी स्वतंत्र इशारा दिला होता. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कोणाला अधिकारही देत नाही.

आपल्या गोव्यातील पेट्यांतही हाच तोळा आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने पोर्तुगीज हिंदच्या रुपीचे वजन आणि कस ब्रिटिश रुपयाशी जुळवून घेण्यात आले, आणि लुईश राजाच्या मुखाची १८८१ व १८८२ ची रुपी ब्रिटिश हिंदुस्थानातील टांकसाळीत पडली. ११.६६ ग्रॅम, कस ९१७. सराफाच्या काट्यावर ती आणि राणीछाप रुपया यांत काडीचा फरक नाही. संख्येत मात्र फार मोठा फरक आहे, आणि तो सराफाचा काटा दाखवत नाही. गोव्यातील रुपी वजनावर मोडीत घालणे हे सौंसरमधील १९१९ चा रुपया मोडीत घालण्यापेक्षा कितीतरी महागात पडते.

कायद्याचे दोन मुद्दे उरतात. घर पाडताना किंवा शेतात नाणी सापडली आणि त्यांची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे; दहा रुपयांची ती मर्यादा आजही तशीच आहे. दुसरे, शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाही. १९१८ ते १९२० चे रुपये आता शंभरी ओलांडून या कक्षेत आले आहेत. न्यू जर्सीतील नातवाला आजीने तो रुपया पाठवायचा म्हटले तर पोस्टात टाकता येणार नाही. नातवाने तिकडून मॉर्गन डॉलर आणायचा असेल तर विमानतळावर सीमाशुल्क अधिकाऱ्यांना सांगून आणावा, आणि खरेदीची पावती जवळ ठेवावी.